विमान सुसाट पळतं, मग उभं का चढत नाही?

प्रश्न : आम्ही शिंदखेड्याच्या कॉलेजातले दोघं मित्र. फोमशीट कापून एक मीटर पंखविस्ताराचं रिमोटवरचं विमान बनवलं आहे. बॅटरीसकट वजन साडेसातशे ग्रॅम भरतं. मोटर ए-२२१२, १००० केव्हीची. बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ३० अँपिअरचा. पुढे ८ बाय ६ चा प्रॉपेलर लावलाय. सरळ उडवलं की विमान झकास पळतं, सूर मारून लूपही होतो. पण नाक आभाळाकडे करून पूर्ण थ्रॉटल दिला की जरा चढतं, दमतं आणि शेपटीवर घसरतं. व्हिडिओत लोक विमान हवेत उभं टांगून ठेवतात, ते आमच्याच्याने का होत नाही? एक मित्र म्हणतो १० बाय ६ लावा, दुकानदार म्हणतो तीन पात्यांचा घ्या, तिसरा म्हणतो मोटरच मोठी बसवा. कोणाचं ऐकावं?

उत्तर : तुमचं कोडं थोडक्यात असं आहे. आडव्या उड्डाणात जी ताकद दिसते, ती उभ्या चढणीत कुठे गायब होते? मोटर तीच, बॅटरी तीच, थ्रॉटलही पूर्ण. बदलतो तो विमानाचा वेग. आणि तुमचा प्रॉपेलर वेगात असताना काम करण्यासाठी घडवलेला आहे. वेग संपला की त्याची पकडही ढिली होते. तेव्हा प्रॉपेलर बदलायला हवा, हे नक्की. मात्र मिळालेल्या तीन सल्ल्यांपैकी एकही जसाच्या तसा घेऊ नका.

आधी आकड्यांचा अर्थ लावू. ८ बाय ६ यातला पहिला आकडा व्यासाचा, म्हणजे एका पात्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे इंच. दुसरा आकडा पिचचा. हवा जराही मागे न सरकता प्रॉपेलरला पुढे जाऊ देते असं धरलं, तर एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे जाईल तितका त्याचा पिच. हवा प्रत्यक्षात सरकतेच, त्यामुळे सहा इंच पिचचा प्रॉपेलर फेऱ्यामागे सहा इंच जात नाही. पण पात्याला किती तिरकस पीळ दिलाय, हे त्या आकड्यावरून कळतं.

प्रॉपेलर म्हणजे हवा मागे फेकणारा पंखा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ऑरव्हिल आणि विल्बर राइट यांनी विमान बनवायला घेतलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, जहाजाच्या प्रॉपेलरचं गणित तयार असेल, तेच उचलू. तसं वापरण्याजोगं गणित मिळालं नाही. मग त्यांनी प्रॉपेलरकडे गोल फिरणारा पंख म्हणून बघितलं, आणि १९०३ च्या त्यांच्या विमानाला साडेआठ फुटी दोन लाकडी प्रॉपेलर स्वतः तासून बसवले. आजही तुमच्या हातातलं पातं आडवं धरून टोकाकडून बघा. एक बाजू फुगीर, दुसरी सपाट किंवा किंचित खोलगट. अगदी विमानाच्या पंखाचा छेद. बुंध्याशी ते जास्त तिरकं आणि टोकाकडे जवळजवळ आडवं होत गेलेलं दिसेल. एकाच फेऱ्यात टोकाला लांबचा पल्ला कापावा लागतो आणि बुंध्याला थोडाच. दोघांनी सारखंच पुढे सरकायचं असेल, तर बुंध्याला जास्त तिरकं राहणं भाग आहे.

पातं हा पंख आहे, हे एकदा मनात बसलं की तुमचं अर्धं कोडं सुटतं. पंख हवेला फार उभा धरला तर त्याच्यावरून वाहणारी हवा सुटते आणि त्याचं बळ कोसळतं. यालाच वैमानिक स्टॉल म्हणतात. पात्याचंही तसंच होतं. विमान वेगात असताना समोरून येणारी हवा आणि पात्याचं फिरणं यांचा मेळ जमतो, पातं हवेला बेताच्या कोनात कापतं. विमान थांबलं की समोरून येणारी हवा बंद, आणि तेच पातं आता हवेला नको इतकं उभं भिडतं. पिच जितका जास्त, तितकी ही पंचाईत मोठी. तुमच्या प्रॉपेलरचा पिच व्यासाच्या पाऊणपट आहे. विमान उभं होऊन मंदावलं की त्याच्या पात्यांचा बराचसा भाग स्टॉलमध्ये जातो. मोटर करंट खात राहते, आवाजही जोरदार येतो, पण ओढ पुरेशी मिळत नाही. म्हणजे ज्या क्षणी तुम्हाला ताकद सगळ्यात जास्त हवी असते, नेमका त्याच क्षणी हा प्रॉपेलर कमी पडतो.

धुळ्याहून मालेगावकडे जाताना लळिंगचा घाट लागतो. तिथे भरलेली मोटरसायकल चौथ्या गिअरमध्ये चढवायला गेलं तर इंजिन गुदमरतं, तीच दुसऱ्या गिअरमध्ये निमूट चढते. पिच हा तुमच्या विमानाचा गिअर आहे. काही मोठ्या विमानांत वैमानिक उडता उडता पिच बदलू शकतो. आपल्या मॉडेलला ती सोय नाही. म्हणून कुठला गिअर पाडून ठेवायचा, ते जमिनीवरच ठरवावं लागतं.

आता व्यासाकडे वळू. ओढ मिळवायचे दोन मार्ग आहेत : थोडी हवा फार वेगाने मागे ढकला, किंवा भरपूर हवा हळू ढकला. ओढ दोन्हींत सारखी काढता येते, पण खर्च सारखा नसतो. हवेला दिलेला वेग दुप्पट केला तर त्यात ओतलेली ऊर्जा चौपट होते. म्हणून जागच्या जागी तरंगायचं असेल तेव्हा भरपूर हवा हळू ढकलणं केव्हाही स्वस्त पडतं. हेलिकॉप्टरची पाती इतकी लांब असतात, ती याच कारणाने. विमान हवेत उभं टांगणं म्हणजे घटकाभर त्याचं हेलिकॉप्टर करणंच आहे. त्याला मोठा व्यास आणि कमी पिच लागतो.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे आणि तो माझ्या मते ओढीइतकाच मोलाचा आहे. विमान उभं टांगलेलं असताना पंखांवरून वाऱ्याचा प्रवाह जात नाही. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर या विमान वळवणाऱ्या पट्ट्यांना मिळते ती फक्त प्रॉपेलरने मागे फेकलेली हवा. व्यास मोठा असेल तर हा झोत पंखाचा जास्त भाग आणि पूर्ण शेपूट व्यापतो, आणि स्टिक हलवली की विमान ऐकतं. आठ इंची झोतात एक मीटर पंखांचं विमान ऐकेनासं होतं. तुमचं विमान शेपटीवर घसरतं तेव्हा स्टिकला जुमानत नसेल, तर त्यामागे हेही कारण आहे.

एरोबॅटिक्समध्ये ओढीइतकाच ब्रेकही महत्त्वाचा असतो, आणि नवशिक्यांच्या हे लवकर लक्षात येत नाही. लूप सुरेख गोल व्हायचा तर वर जाताना आणि खाली येताना विमानाचा वेग जवळपास सारखा राहायला हवा. मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा प्रॉपेलर थ्रॉटल कमी केल्याबरोबर खाली येणाऱ्या विमानाला हवेत अडवून धरतो. तुमचा ८ बाय ६ तसं करत नाही, म्हणून लूपच्या उतरत्या बाजूला विमान सुसाट सुटतं आणि लूप अंड्याच्या आकाराचा होतो. ईएससीच्या सेटिंगमध्ये ‘ब्रेक’ नावाचा पर्याय असतो. नावावरून वाटतं की तो चालू केला तर विमान जास्त अडेल. होतं उलटं. तो ब्रेक प्रॉपेलरचं फिरणं थांबवतो, आणि कमी पिचचा थांबलेला प्रॉपेलर फिरत्यापेक्षा हवेला कमी अडवतो. तो पर्याय ग्लायडरवाल्यांच्या कामाचा आहे. तुम्ही बंदच ठेवा.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर तुम्ही स्पर्धेचे व्हिडिओ बघून गोंधळाल. एरोबॅटिक्सचे सगळे प्रकार एकाच प्रॉपेलरवर होत नाहीत. एफ३ए नावाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन मीटर लांबी-रुंदीच्या मर्यादेतली विमानं आकाशात मोठ्या, रेखीव आकृत्या काढतात. त्यांचे विजेवरचे प्रॉपेलर साधारण २० ते २२ इंच व्यासाचे आणि १२ ते १५ इंच पिचचे असतात. त्यांना वेग लागतो, म्हणून पिच व्यासाच्या निम्म्याहून बराच वर. याउलट थ्रीडी म्हणतात त्या प्रकारात विमान टांगणं, जागेवर फिरवणं, हळू सरकवणं असतं. तिथे पिच व्यासाच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठेवतात. ४६ आकाराच्या ग्लो, म्हणजे द्रव इंधनावरच्या छोट्या, इंजिनावर सराव करणारे साध्या उड्डाणाला ११ बाय ६ लावतात आणि त्याच इंजिनावर थ्रीडीसाठी १२ बाय ४, ते याचसाठी. तुम्हाला हवंय ते थ्रीडी. तुमच्या मोटरला शोभेल असा त्यातला आकार म्हणजे १० बाय ४.५. बाजारात त्यावर बहुतेक १०४५ असं छापलेलं असतं.

मग मित्राने सुचवलेला १० बाय ६ का नको? इथे खर्चाचा हिशेब मांडावा लागतो. प्रॉपेलर फिरवायला मोटरवर किती भार पडतो, त्याचा ढोबळ अंदाज काढायची सोपी रीत आहे : व्यास चार वेळा मांडून गुणायचा आणि आलेल्या आकड्याला पिचने गुणायचं. ८ बाय ६ साठी उत्तर येतं साधारण २४,६००. १० बाय ४.५ साठी ४५,०००. १० बाय ६ साठी ६०,०००, म्हणजे आत्ताच्या जवळजवळ अडीचपट. भार वाढला की फेरे घसरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला करंट इतका वाढत नाही. पण वाढतो मात्र नक्की. तुमच्या मोटरच्या कागदावर बहुधा १२ अँपिअर, तेही एका मिनिटापुरते, असं लिहिलेलं असेल. ताज्या चार्ज केलेल्या बॅटरीवर १० बाय ४.५ सुद्धा ती रेषा ओलांडू शकतो. १० बाय ६ तर मोटर भाजून काढेल.

यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘पण आमचा ईएससी ३० अँपिअरचा आहे की!’ तो आकडा ईएससीच्या सहनशक्तीचा आहे. तो मोटरमध्ये ३० अँपिअर ढकलतही नाही आणि १२ वर अडवतही नाही. मोटर किती करंट ओढणार हे प्रॉपेलर ठरवतो. केव्ही या आकड्याचंही तसंच. १००० केव्ही म्हणजे मोटर मोकळी फिरत असताना व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे, ११.१ व्होल्टवर ११,१०० झाले. प्रॉपेलर लावला की त्यातले पाव किंवा त्याहून जास्त फेरे कमी होतात. केव्ही जास्त म्हणजे मोटर ताकदवान, हा समज मनातून काढून टाका. केव्ही जास्त असेल तर त्याच बॅटरीवर प्रॉपेलर लहानच लावावा लागतो.

आता प्रॉपेलर बदलल्यावर वेगाचं काय होतं ते बघा. पिचचे इंच गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले साधारण ६५०, की ताशी किलोमीटरमध्ये प्रॉपेलरचा कमाल वेग मिळतो. ८ बाय ६ मिनिटाला ८,५०० फिरत असेल, तर हा आकडा ७८ च्या आसपास येतो. १० बाय ४.५ जर ७,३०० फिरला, तर ५० च्या आसपास. म्हणजे विमान पूर्वीसारखं सुसाट पळणार नाही. याचं दुःख मानू नका. पळण्यासाठी जाणारी ताकद आता ओढीच्या कामी येते.

एवढं करून विमान टांगलं जाईल का? इथे तुमच्या वजनाचा प्रश्न येतो. ही मोटर १० बाय ४.५ वर भरल्या बॅटरीने साधारण ८०० ग्रॅमच्या आसपास ओढ देते. तुमचं विमान साडेसातशेचं. म्हणजे टांगलं जाईल, पण कसंबसं. आणि बॅटरी जरा उतरली की नाही. टांगलेल्या विमानाला झटक्यात वर काढायचं असेल तर ओढ वजनाच्या दीडपट तरी हवी. तेव्हा पैसे मोटरवर घालण्याआधी वजनावर घाव घाला. २२०० ऐवजी १३०० एमएएचची बॅटरी घेतली तर साठ-सत्तर ग्रॅम तिथेच सुटतात. जास्तीचा ग्लू, जाड टेप, गरज नसलेली चाकं काढली तर विमान साडेसहाशेच्या जवळ येतं. मग हाच प्रॉपेलर वेगळा वाटू लागेल. उड्डाण दोन-तीन मिनिटांनी कमी होईल, पण शिकताना लहान उड्डाणंच बरी. मोठी मोटर घेतली की मोठी बॅटरी येते, मोठी बॅटरी आली की वजन वाढतं आणि गाडी पुन्हा मूळ पदावर येते.

माझे आकडे आंधळेपणाने मानू नका, स्वतः मोजा. वॉटमीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग असतो. ओळखीचा कॅडेट असेल तर त्याच्याकडे मीटरची चौकशी करा. मीटर बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडायचा. एकाने विमान मागून पंखांशी घट्ट धरायचं, दुसऱ्याने थ्रॉटल पूर्ण देऊन पाच-सहा सेकंदांत अँपिअरचा आकडा वाचायचा आणि लगेच बंद करायचं. बॅटरी ताजी चार्ज केलेलीच हवी, कारण तेव्हाच करंट सगळ्यात जास्त असतो. ओढ मोजायला सामानाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा पुरतो. विमानाच्या शेपटीला दोरी बांधून तिला काट्याचं एक टोक अडकवा, दुसरं टोक खुंटीला. गुळगुळीत फरशीवर विमान पुढे ओढू द्या आणि ग्रॅम वाचा. तुमच्या ८ बाय ६ चा आकडा आधी लिहून ठेवा. तो विमानाच्या वजनाखाली आला तर हवेत काय घडतंय ते फरशीवरच कळेल. मग ९ बाय ४.५ लावून तेच मोजा आणि शेवटी १० बाय ४.५. करंट प्रत्येक पायरीला किती वाढला ते बघत गेलं तर मोटर जळायची पाळी येत नाही. हवेत विमान पुढे सरकू लागलं की करंट थोडा उतरतो, पण टांगलेल्या अवस्थेत उतरत नाही. म्हणून जमिनीवरचाच आकडा खरा धरा. आणि पूर्ण थ्रॉटल झटक्यापुरताच द्या, धरून ठेवू नका.

खान्देशातल्या उन्हाचा यात मोठा वाटा आहे. हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांवर असतो, मे महिन्यात दुपारी ४३ वर. तेवढ्या फरकाने हवा सुमारे दहा टक्के विरळ होते आणि त्याच फेऱ्यांना ओढही तितकीच घटते. जानेवारीत टांगलं जाणारं विमान मेमध्ये बसू लागलं तर मोटरला दोष देऊ नका. उष्णतेचा दुसरा मार मोटरमधल्या चुंबकांवर पडतो. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंशांपलीकडे आपलं बळ कायमचं गमावू लागतात. हिवाळ्यातल्या सकाळी त्या मर्यादेपर्यंत पोचायला मोटरला साठ-सत्तर अंश तापावं लागतं. मेच्या दुपारी निम्म्यातच काम तमाम. दोन मिनिटं उडवून उतरवा, मोटरला बोट लावा. तीन सेकंद बोट ठेववत नसेल तर प्रॉपेलर एक पायरी लहान करा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडवून घ्यावं, हे उत्तम.

मेच्या अखेरीपासून तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा जोर धरतो. साक्रीकडच्या पवनचक्क्या याच वाऱ्यावर जगतात. कमी पिचच्या प्रॉपेलरची खरी अडचण या दिवसांत कळते. कमाल वेग ५० आणि समोरून वारा ३० चा असेल, तर विमान जमिनीवरून बघताना सायकलच्या वेगाने सरकतं आणि वाऱ्याच्या दिशेने लांब गेलं तर परत येता येता बॅटरी संपते. अशा दिवसासाठी पिशवीत ९ बाय ६ चा एक असू द्या. त्या दिवशी टांगायचा हट्ट सोडून लूप आणि रोल करा.

पवनचक्कीवरून तीन पात्यांकडे येऊ. तिला तीन पाती असतात, म्हणून तीन पाती जास्त कामाची, असं दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना दोघांनाही वाटत असतं. पवनचक्कीला तीन पाती देतात ती मुख्यतः फिरताना आणि वाऱ्याकडे तोंड वळवताना मनोऱ्याला हिसके बसू नयेत म्हणून. विमानाच्या बाबतीत, भरपूर हवा हळू ढकलायची तर दोन लांब पाती सरस ठरतात. मोठ्या विमानांना तीन-चार पाती दिसतात, कारण इंजिनाची ताकद वाढत गेली तरी व्यास वाढवता येत नाही : खाली धावपट्टी असते आणि पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाजवळ नेता येत नाही. सेसना १७२ या प्रशिक्षणाच्या विमानाला जेमतेम सव्वासहा फुटी दोन पातीच पुरतात. तुमच्या विमानाचा प्रॉपेलर उतरताना जमिनीला लागत असेल, तरच तीन पात्यांचा विचार करा, आणि तेव्हा व्यास एक इंचाने कमी घ्या. ओढ वाढेल म्हणून घेऊ नका.

दुकानात निवड करताना मात्र एका गोष्टीकडे काटेकोर बघा. एपीसीसारख्या कंपन्या एकाच आकाराचे प्रॉपेलर वेगवेगळ्या कामांसाठी काढतात. ‘स्लो फ्लायर’ हा रुंद, लवचीक पात्यांचा प्रकार हलक्या विमानांसाठी असतो. त्याची मर्यादा कंपनीच सांगते : ६५,००० ला व्यासाने भागा, येईल तितकेच फेरे. दहा इंची असेल तर ६,५००. तुमची मोटर तीन सेलवर ती मर्यादा सहज ओलांडते. विजेच्या मोटरसाठीचा ‘ई’ अक्षराचा पातळ प्रकार याच्या दुपटीहून जास्त फेरे सहन करतो. त्यातला १० बाय ५ तुम्हाला चालेल. करंट तेवढा मोजून घ्या. ड्रोनसाठी जोडीने विकतात त्या १०४५ मध्ये एकावर ‘आर’ लिहिलेलं असतं. तो उलट्या दिशेने फिरणारा. तो लावायचाच असेल तर मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा आणि नट नीट आवळला जातोय का ते तपासा. कुठलाही प्रॉपेलर लावताना छापलेली अक्षरं विमान जातं त्या दिशेला, पुढे हवीत. अक्षरं मागे करून लावलेला प्रॉपेलरही ओढतो, पण बराच कमी, आणि चूक पटकन ध्यानात येत नाही.

कार्बनचा प्रॉपेलर दिसायला देखणा असतो. तुम्ही शिकताय तोवर घेऊ नका. विमान कपाशी काढलेल्या शेतात उतरणार. पऱ्हाट्यांच्या खुंटांना पातं लागलं की नायलॉनचं पातं वाकतं किंवा तुटतं आणि धक्का तिथेच संपतो. कार्बनचं तुटत नाही, मग मोटरचा शाफ्ट वाकतो.

नवा प्रॉपेलर बसवण्याआधी तोल बघा. मधल्या भोकातून सरळ दाभण घाला, दाभणाची दोन टोकं दोन सारख्या पेल्यांच्या काठावर टेकवा आणि पाती आडवी करून सोडा. जे पातं खाली जाईल ते जड. त्याची मागची बाजू टोकाकडे ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच चार-दोन वेळा घासा, पुन्हा सोडा. आडवं राहू लागलं की झालं. पुढची धार घासून घासून बदलू नका. साच्यातून राहिलेली बोचरी कड तेवढी मारा. तोल नसलेला प्रॉपेलर मोटरचे बेअरिंग खातो आणि सर्व्होच्या तारा सैल करतो. पात्याला टवका उडाला किंवा बुंध्याशी पांढरी रेघ दिसली, तर तो फेविक्विकने जोडायच्या भानगडीत न पडता टाकून द्या. १० इंची प्रॉपेलर ७,३०० फिरतो तेव्हा त्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरने जात असतं. चाचणी घेताना दोघांपैकी कोणीही त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि टेबलावर काम करताना प्रॉपेलर काढूनच बॅटरी जोडायची.

उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघून आपलं शेत हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, भागात आहे ना, याची खात्री करा. धुळ्याला आणि शिरपूरला धावपट्ट्या आहेत, म्हणून ही खात्री महत्त्वाची. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोच्या आतली, करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी मॉडेल विमानं टाइप सर्टिफिकेटच्या, म्हणजे बनावटीच्या सरकारी मंजुरीच्या, अटीतून सुटली आहेत, पण आकाशाचे नियम त्यांनाही लागू आहेत.

१० बाय ४.५ लावून पहिल्यांदा विमान उभं कराल, तेव्हा ते टांगलं जाईल आणि हळूहळू स्वतःभोवती डावीकडे फिरू लागेल. काही बिघडलं असं समजू नका. मोटर प्रॉपेलरला एका दिशेला फिरवते, त्याची उलटी प्रतिक्रिया विमानाला दुसऱ्या दिशेला फिरवते. मोठ्या प्रॉपेलरने हे वाढतंच. उजवा एलेरॉन थोडा दिला की थांबतं. सरळ चढताना नाक डावीकडे ओढलं जात असेल तर मोटरच्या डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली एकेक पातळ वॉशर घालून तिचं तोंड दोनेक अंश उजवीकडे वळवा. हा सराव निदान तीन मजली उंचीवर करा, म्हणजे थ्रॉटल कमी-जास्त झाला तरी विमान सावरायला जागा राहते.